न वाकवलेली प्लेट

मी आणि माझी बायको कौसल्या, आम्ही शेवटचं मिळून काम केलं ते दूध झाकायचं. संध्याकाळचं दूध तापवून निवलं की ती पातेल्यावर झाकण ठेवायची आणि मी झाकणावर लोखंडाची प्लेट ठेवायचो. आमच्याकडे एक बोका येतो. नुसतं झाकण तो पंजाने सारतो, वरवंटा ठेवला तर वरवंटा लोळवतो. प्लेट मात्र त्याला हलत नाही, अडीच किलोची आहे. आधी ती एकटीच हे करायची. दोन-तीन वर्षांपासून तिचा हात दुखायचा, म्हणून आम्ही दोघं. त्या बुधवारीही तसंच. ती म्हणाली, "अहो, जरा डावीकडं सरकवा, कलती हाय." मी सरकवली. ती म्हणाली, "हां." पहाटे उठवायला गेलो तर अंग गार पडलं होतं.

ती प्लेट कसली ते सांगतो. ती माझ्या साल्याची, रंगाची. पंचवीस वर्षांपूर्वी परदेशी जाण्यासाठी त्याने माझ्याकडे वेल्डिंगची परीक्षा दिली, तेव्हा जोडलेली. मी त्याला नापास केलं. बरोबर केलं की चूक, हे प्लेट वाकवून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. मी ती वाकवली नाही.

या अंकाच्या संपादकांचा निरोप होता की परदेशी गेलेल्या कारागिरांच्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात. मी चौथी शिकलेला माणूस, जमेल तसं लिहितो. ज्यांना गमती हव्यात त्यांनी पुढचं पान बघावं, तिथे पाककृती असेल.

माझा धंदा असा. कारखान्यात वेल्डर होतो. पुढे धायरीत घरासमोर पत्र्याची शेड टाकली. तेव्हा धायरी गाव होतं, रस्त्यात म्हशी बसायच्या. माणसं बाहेर पाठवणारे एजंट मुंबईहून माणसं माझ्याकडे धाडायचे आणि मी त्यांची परीक्षा घ्यायचो. दोन लोखंडी तुकडे द्यायचे, ते उभे बांधायचे आणि खालून वर जोडत जायला सांगायचं. आडवं कोणीही जोडतं. उभ्यात वितळलेलं लोखंड खाली ओघळतं, ते हाताच्या चालीवर धरून ठेवावं लागतं. घाईच्या माणसाचं ओघळतंच.

जोडून झालं की मी आधी डोळ्याने बघायचो. उघड चूक दिसली तर नापास. शंका वाटली तर प्लेटमधून दीड इंच रुंद पट्टी कापायची, वरून घासून सपाट करायची आणि जॅकखाली घालून घोड्याच्या नालासारखी वाकवायची. जोड शाबूत राहिला तर पास, चिरला तर घरी. पास झालेल्याच्या प्लेटवर पंचाने नंबर ठोकायचा. माझा पंच बघून तिकडे पुन्हा परीक्षा घेत नाहीत, असं एजंट सांगायचे. एजंट लोक खोटं बोलतात, पण एवढं मला खरं वाटायचं.

येरवड्याचा सादिक म्हणून एक होता. त्याचा जोड बघत राहावा असा. वेणी घातल्यासारखे एकसारखे पेड. आजूबाजूचे म्हणाले, याचं काय बघायचं, ठोका पंच. मला का कोण जाणे शंका आली. पट्टी कापली, वाकवली, आणि ती बिस्किटासारखी तुटली. आत सगळा मळ अडकलेला. सादिकने तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "उस्ताद, हा माझाच आहे ना?" मी म्हटलं, "तुझाच. माझा असता तर मी लपवला असता." तीन महिने त्याने माझ्या शेडमध्ये सराव केला, परत परीक्षा दिली, पास होऊन गेला. तो अजून ईदला फोन करतो आणि म्हणतो, तुम्ही वाकवलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. त्याचा फोन आला की कौसल्या उठून आत जायची.

आता यादीचं. परदेशातली सरकारं एक यादी काढतात, त्यांच्याकडे कुठल्या कामाची माणसं कमी आहेत त्याची. तुमचं काम यादीत असेल तर कामाचा व्हिसा मिळायची आशा. नसेल तर तुम्ही कितीही चांगले असा, आपल्या गल्लीत काम करा. ही यादी अधूनमधून बदलते. का बदलते ते मला कुणी सांगितलं नाही. माझ्यापर्यंत एजंटाच्या कागदाची झेरॉक्स यायची आणि ती कौसल्या वाचायची. ती सातवी शिकलेली. इंग्रजी तिलाही येत नव्हतं, पण वेल्डर हा शब्द आणि त्याच्यापुढचा नंबर ती गर्दीत ओळखीचा चेहरा ओळखावा तसा ओळखायची. बोट फिरवत यायची, थांबायची आणि म्हणायची, "हाय." मग मी चहा मागायचो.

यादी बदलली की शेडपुढची माणसं बदलायची. एकदा एका देशाच्या यादीत स्वयंपाकी आणि केस कापणारे आले. माझा एक वेल्डर, बारा वर्षं हात बसलेला, तो केस कापायला शिकायला गेला. तो शिकून तयार होईतो केस कापणारे यादीतून गेले. परत आला तेव्हा रॉड धरताना त्याची करंगळी वर राहायची, कात्रीसारखी. ती शेवटपर्यंत खाली गेली नाही.

एकदा पेठेतले एक निवृत्त मास्तर इंजिनीअर मुलाला घेऊन आले. स्वच्छ धोतर, हातात छत्री. म्हणाले, "इंजिनीअर यादीतून काढलेत. वेल्डर आहेत. याला वेल्डर करा."

मी म्हटलं, "करू की. हात बसायला वेळ लागेल."

"साधारण किती?"

"आपल्याला अक्षर यायला किती लागला?"

"माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं आहे."

"मग आपणच शिका. हा नको."

मुलगा हसला, मास्तर नाही हसले. पोरगा चांगला होता, पण ठिणगी उडाली की डोळे मिटायचा. आठ दिवसांनी आपणहून गेला. जाताना मास्तर म्हणाले, "आमच्या घराण्यात हाताला काम नव्हतं कधी." मी म्हटलं, "दिसतंय."

अशा गोष्टी सांगून हसता येतं. बबनची सांगतो. बबन वेल्ह्याकडचा. पास झाला, कागद झाले, गावात सत्कार झाला, हार घातले, मारुतीला नारळ फोडला. एसटीत बसून तो माझ्याकडे आला, कारण इथून पुढे मुंबईला जायचं होतं. आला त्या दिवशी एजंटाचा निरोप, यादी बदलली, तुझं काम राहिलं नाही. बबन म्हणाला, "आता गावात कुठल्या तोंडानं जाऊ?" आणि तो शेडमध्येच राहिला. अकरा दिवस. गावातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथे तो शेडमधल्या फोनवरून आईला बोलवून घ्यायचा आणि सांगायचा, पोचलो, थंडी लई हाय, जेवण बरं हाय. शेजारच्या परड्यात कोंबडा होता, तो नेमका तेव्हाच आरवायचा. आईने विचारलं, "तिकडं बी कोंबडा हाय का रं?" बबन म्हणाला, "हाय की. मोठा असतो इथला." आम्ही सगळे तोंड दाबून हसलो. कौसल्या हसली नाही. बाराव्या दिवशी तिने त्याचा डबा बांधला, स्वतः एसटीत बसली आणि त्याला गावी पोचवून आली. तिथे काय झालं ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "त्याच्या आईला पयल्या दिवसापास्नं ठावं होतं. तिच्या घरी बी कोंबडा हाय, गावठी कोंबड्याचा आवाज तिला कळत न्हाय व्हय."

ती अशी होती. कळायचं आणि बोलायची नाही.

रंगा तिचा धाकटा भाऊ. त्यांची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. कौसल्या लग्न होऊन माझ्याकडे आली ती त्याला कडेवर घेऊनच. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे तोच होता. माझ्याच शेडमध्ये माझ्याच हाताखाली शिकला. बोलायला कमी, हाताला सावकाश. त्याचा जोड सादिकसारखा देखणा कधीच यायचा नाही. तिशीला आला तेव्हा यादीत वेल्डर होते, एका कंपनीला माणसं हवी होती, परीक्षा माझ्याकडे ठरली. एकोणीस जण आले. रंगा त्यांतला एक.

रंगाची प्लेट बांधत होतो तेव्हा रांगेतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "दाजीचा साला आहे. बसल्या जागी पास." दुसरा म्हणाला, "मग आपण कशाला हात भाजायचे?" हळू म्हणाले, पण मला ऐकू यावं इतपत मोठ्याने. पुण्यात टोमणा तसाच मारतात.

रंगाने जोडली. मी बघितली. जोडाच्या एका कडेला दोन बोटं लांबीचा चर होता. याला आम्ही अंडरकट म्हणतो, रॉड रेंगाळला की लोखंडाचा काठ खाल्ला जातो. खोल असेल तर वाईट, वरवरचा असेल तर काही नाही. खोली मोजायचं गेज माझ्या खिशात होतं. मी ते काढलं नाही. नखाने चाचपलं. नख अडकलं, किंवा मला अडकलंसं वाटलं. एकोणीस माणसं बघत होती.

मी म्हटलं, "नापास. सहा महिन्यांनी ये."

रंगा म्हणाला, "दाजी, वाकवून बघा की."

सबंध परीक्षेत तो एवढंच बोलला. कौसल्या चहाची किटली घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "वाकवायची गरज नाही." शंका असेल तर वाकवायची हा नियम माझाच. आणि मला शंका होती, सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाची असती तर मी पट्टी कापली असती. रंगाची कापली असती तर लोक म्हणाले असते, साल्याला आणखी एक संधी दिली. म्हणून मी प्लेट भंगारात टाकली आणि पुढचं नाव पुकारलं. त्या दिवशी अकरा पास झाले. टोमणा मारणारा त्यांत होता. त्याची प्लेट मी वाकवून बघितली होती.

संध्याकाळी मी भंगार बघितलं तर ती प्लेट तिथे नव्हती. ती आत दुधावर होती.

सहा महिने व्हायला दोन महिने होते तेव्हा नवी झेरॉक्स आली. कौसल्येने बोट फिरवलं. शेवटपर्यंत गेली, परत वर आली.

मी विचारलं, "काय?"

"न्हाय."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं. तुम्ही बघा."

मला त्यातलं एकही इंग्रजी अक्षर ओळखता येत नाही हे तिला माहीत होतं. मी कागद हातात घेतला आणि बघितल्यासारखं केलं. रंगा दारात उभा होता, त्याने हेल्मेट खिळ्याला अडकवलं आणि घरी गेला. पुढे याद्या आल्या, बदलल्या, एकदा वेल्डर परतही आले, पण तोवर वयाची अट आली होती आणि रंगाचं वय तिच्या पुढे गेलं होतं. तो सिंहगड रस्त्याला एका सोसायटीत वॉचमन झाला. अजून आहे. कुणी विचारलं तर म्हणतो, "गेटची बिजागरी तुटली तर मीच जोडतो, फुकटात." माझ्यावर त्याने राग धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

कौसल्येने ती प्लेट पंचवीस वर्षं वापरली. लोखंड आहे, पाण्याला राहिलं तर गंजतं. हिने तिला गंज चढू दिला नाही. डोक्याला तेल लावलं की उरलेलं बोट प्लेटवर फिरवायची. आणि ठेवताना जोडाची बाजू वर ठेवायची. मी रोज संध्याकाळी तो चर बघितला आहे. मला त्याचं माप पाठ आहे, खोली सोडून.

एकदाच ती बोलली. रंगाला वॉचमनचा शर्ट मिळाला त्या दिवशी. म्हणाली, "तुम्ही ती वाकवली असती तर?"

मी म्हटलं, "चिरलीच असती."

"मग वाकवा ना आता. चिरली तर मी भंगारात टाकते. दुधावर दगड ठेवीन."

शेड दहा पावलांवर. जॅक तेलपाणी केलेला. मी म्हटलं, "आता काय उपयोग आहे?" ती म्हणाली, "बरं." नंतर कधी विषय काढला नाही. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. इतक्या माणसांचं लोखंड मी वाकवून बघितलं, या एका प्लेटला मी घाबरून राहिलो. शेवटी तिचा हात दुखायला लागला आणि ती प्लेट माझ्याच हाताने रोज दुधावर ठेवायची पाळी आली, तेव्हाही मी ती जॅककडे नेली नाही. ती "हां" म्हणायची, मी बाहेर जाऊन बसायचो.

बुधवारनंतरच्या पहाटे ती गेली. दुपारपर्यंत नदीवरून परत आलो. घरात माणसं होती, चूल बंद, शेजाऱ्यांकडून पिठलं-भात आला. रंगा रात्री तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. पातेलं तसंच होतं, कुणी हात लावला नव्हता. मी प्लेट उचलली. खालचं दूध नासलं होतं. प्लेट घेऊन शेडमध्ये गेलो, कुलूप काढलं, ग्राइंडर लावला. तिची चुलती ओसरीवरून म्हणाली, "सुतकात मशीन लावतोय. म्हातारा भ्रमला." मी बरोबर चर होता तिथली दीड इंच पट्टी कापली. मग वरून घासायला घेतली. चर खोल असला तर घासूनही राहतो आणि तिथूनच लोखंड फाटतं. वरवरचा असला तर घासताना निघून जातो. मी दोन हात फिरवले आणि चर गेला. बोट फिरवून बघितलं. नख फिरवलं. कुठे अडकलं नाही.

तिथेच कळलं होतं. तरी पट्टी जॅकखाली घातली आणि दांडा मारायला लागलो. हातात पूर्वीची ताकद नाही, दर चार दांड्यांनी थांबत होतो. पट्टी वाकत गेली. मी कान लावून होतो, चिरताना टक् असा आवाज येतो. आला नाही. नालासारखी पूर्ण वाकली. काढून उजेडात धरली. केसाएवढी चीर नाही. इतकी वर्षं परीक्षा घेतल्या, त्यांत यापेक्षा चांगला जोड मी बघितलेला नाही.

रंगा केव्हा दारात येऊन उभा राहिला होता ते मला कळलं नाही. वॉचमनचाच शर्ट अंगावर, ड्यूटीवरून तसाच आला होता तो आदल्या दिवशी. मी पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने उलटसुलट करून बघितली, वेल्डर बघतो तशी, आधी आतून, मग कडेने.

मी म्हटलं, "पास होतास."

तो म्हणाला, "मला ठावं होतं, दाजी." मग म्हणाला, "आक्का असताना वाकवायची होती."

त्याने पट्टी जॅकवर ठेवली आणि बाहेर गेला. गवळ्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो रोजचं दूध दारात ठेवून गेला होता. रंगाने ते शेजारून तापवून आणलं, पातेलं धुऊन त्यात ओतलं, झाकण घातलं आणि पाहुण्यांचं बघायला गेला. बोका भिंतीवर येऊन बसला होता. झाकणावर ठेवायला प्लेट नव्हती, तिचे आता तीन तुकडे होते आणि मधला वाकलेला. मी पाट ओढला, पातेल्याजवळ बसलो आणि झाकणावर हात ठेवला.